नाव रामाचे, लक्षण वीतरागाचे

आपल्यापैकी अनेकांच्या घरी सकाळी पेढी उघडण्यापूर्वी भक्तामर स्तोत्राचा पाठ होतो. श्वेतांबर परंपरेत त्याचे ४४ श्लोक म्हणतात, दिगंबर परंपरेत ४८. पाठ इतका अंगवळणी पडलेला असतो की पंचविसावा श्लोक जिभेवरून सहज ओघळून जातो आणि आचार्य मानतुंगांनी त्यात केवढे धाडस केले आहे, याकडे लक्षही जात नाही. भगवान ऋषभदेवांना उद्देशून ते तेथे बुद्ध, शंकर, धाता आणि पुरुषोत्तम अशी चार नावे योजतात. धाता म्हणजे ब्रह्मदेव आणि पुरुषोत्तम म्हणजे विष्णू. त्या काळच्या भारतातील सर्व प्रमुख उपास्यांची नावे एका तीर्थंकराच्या चरणी आणून ठेवली आहेत. ज्ञानीजन तुमच्या बोधाची पूजा करतात म्हणून तुम्ही बुद्ध, तिन्ही लोकांचे कल्याण करता म्हणून तुम्ही शंकर, मोक्षमार्गाचे विधान करता म्हणून तुम्ही धाता, आणि पुरुषोत्तम तर तुम्ही उघडच आहात, असा त्याचा आशय आहे.

एवढेच वाचले तर वाटेल, ‘सर्व देव एकच’ असे सांगणारे हे स्तोत्र आहे. पण पाचच श्लोक मागे जावे. विसाव्या श्लोकात तेच आचार्य म्हणतात की तुमच्या ठायी ज्ञान जसे शोभते तसे हरिहरादिकांच्या ठायी शोभत नाही. रत्नाचे तेज कितीही चकाकणाऱ्या काचेच्या तुकड्याला येत नाही. एकविसाव्यात तर ते आणखी तिरकस होतात. इतर देव आधी पाहिले हे बरेच झाले, कारण ते पाहिल्यामुळेच मन आता तुमच्यापाशी स्थिर झाले, असा तो भाव आहे. जवाहिऱ्याच्या घरी जन्मलेल्या वाचकाला हे रूपक समजावून सांगावे लागणार नाही.

मग हे दोन सूर एकाच स्तोत्रात कसे? आधी निवड आणि पाच श्लोकांनंतर सर्वांची नावे एकत्र! आपल्या भक्तिकाव्यातील एक फार महत्त्वाची रीत येथे दडलेली आहे. ती नीट न समजल्यामुळे आपण दोन टोकांना जातो. आपल्या समाजात आज सुना वैष्णव घरांतून येतात, मुली शैव घरांत जातात, गणपतीची आरती आणि दिवाळीचे लक्ष्मीपूजन आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो आहोत. घरातील लहान मूल विचारते, ‘आपला देव आणि त्यांचा देव वेगळा का?’ एक आजोबा म्हणतात, सगळे एकच. दुसरे म्हणतात, आपला मार्ग निराळा, तिकडे पाहायचेच नाही. दोघेही प्रेमानेच बोलतात. पण आपल्या कवींनी आणि आचार्यांनी जे उत्तर दिले ते या दोन्हींहून वेगळे आणि अधिक कसदार आहे.

त्या रीतीला संस्कृत पंडित निरुक्ती म्हणतील. नाव घ्यायचे, त्याची फोड करायची आणि त्या फोडीतून लक्षण बाहेर काढायचे. ‘शंकर’ या नावातून कैलासावरचे जटाधारी दैवत उभे करायचे नाही. ‘शं’ म्हणजे कल्याण करणारा तो शंकर, असे म्हणायचे. एकदा लक्षण हाती आले की ते ज्याच्या ठायी पूर्णत्वाने आढळेल तो त्या नावाचा धनी. आचार्य जिनसेनांनी आदिपुराणात भगवंतांची एक हजार आठ नावे गुंफली, त्यांतही शंभू, स्वयंभू अशी शैव-वैष्णव वाटणारी नावे आहेत. आणि त्याच आदिपुराणात जगाचा कोणी कर्ता ईश्वर आहे या मताचे सविस्तर खंडनही आहे. नावाला विरोध नाही. नावाच्या पोटात जी कल्पना आहे तिची मात्र पारख केली जाते.

आठव्या शतकात चितोडचे आचार्य हरिभद्रसूरी या विचाराला एक पाऊल पुढे नेतात. ते जन्माने ब्राह्मण आणि वैदिक दर्शनांचे पंडित होते. योगदृष्टिसमुच्चय या ग्रंथात त्यांनी म्हटले आहे की संसारापलीकडील त्या परमपदाला कोणी सदाशिव म्हणतो, कोणी परब्रह्म, कोणी सिद्धात्मा, कोणी तथाता. शब्द भिन्न असले तरी अर्थाने ते एकच आहे. मग कपिल, बुद्ध यांचे उपदेश वेगवेगळे का? हरिभद्र उत्तर देतात की वैद्य जसा रोगी पाहून औषध देतो, तसा त्यांनी शिष्य पाहून उपदेश केला. मला स्वतःला हे उत्तर फार उदार वाटते आणि थोडे कठीणही. कारण हेच हरिभद्र अन्यत्र बजावतात की महावीरांबद्दल त्यांना पक्षपात नाही आणि कपिलांबद्दल द्वेष नाही. ज्याचे वचन युक्तीला धरून असेल ते त्यांना ग्राह्य. म्हणजे औदार्य आहे, पण तराजू हातातून खाली ठेवलेला नाही.

लोकभाषेत हीच गोष्ट जोइंदूंनी सांगितली. ‘परमात्मप्रकाश’ आणि ‘योगसार’ ही त्यांची अपभ्रंश भाषेतील दोह्यांची पुस्तके. त्यांचे संपादन १९३७ मध्ये कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकविणारे डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी केले. योगसाराच्या शेवटाकडे जोइंदू शिव, शंकर, विष्णू, रुद्र, बुद्ध, जिन, ईश्वर, ब्रह्मा अशी नावांची मालिकाच लावतात आणि ती सर्व एकाच ठिकाणी नेऊन पोहोचवतात. ते ठिकाण कोणत्याही मंदिरात नाही. ते आपल्या देहात राहणारा शुद्ध आत्मा हे आहे. याच वळणाचे दुसरे कवी मुनी रामसिंह. त्यांचे ‘पाहुडदोहा’ डॉ. हिरालाल जैन यांनी १९३३ मध्ये विदर्भातील कारंजा येथील ग्रंथमालेतून प्रकाशात आणले. डोके मुंडलेस पण चित्त मुंडले नाहीस, तर काय साधले, असे ते साधूलाच विचारतात. हे वाचताना कबीराची आठवण होते. पण कबीर त्यांच्यानंतर कित्येक शतकांनी झाला.

आता सोमनाथाकडे वळू. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्य आणि गुजरातचा राजा कुमारपाल यांची कथा मेरुतुंगाने इ. स. १३०५ च्या सुमारास पूर्ण केलेल्या प्रबंधचिंतामणीत आहे. कथा घटनेनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी लिहिली गेली, एवढे ध्यानात ठेवून ती वाचावी. राजाने सोमनाथाच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला होता. आचार्यांचा मत्सर करणाऱ्यांनी राजाच्या कानी घातले की हा जैन साधू सोमेश्वराला कधी नमस्कार करणार नाही. त्यांना वाटले, आचार्य अडचणीत येतील. आचार्य आनंदाने यात्रेला गेले, शिवलिंगासमोर उभे राहिले आणि त्यांनी स्तुती केली. महादेव स्तोत्र म्हणून जे प्रसिद्ध आहे, त्याच्या अखेरच्या श्लोकाचा भाव असा: संसाराच्या बीजाला अंकुर फोडणारे राग-द्वेषादी दोष ज्याचे क्षय पावले आहेत, तो ब्रह्मा असो, विष्णू असो, हर असो की जिन, त्याला माझा नमस्कार.

या नमस्कारात एक अट आहे, तिच्याकडे लक्ष द्यावे. नमस्कार नावाला नाही, दोषक्षयाला आहे. व्यवहारात आपण म्हणतो की हुंडीवर सही कोणाची आहे यापेक्षा ती वटते की नाही हे पाहावे, तसेच काहीसे. आचार्यांनी राजाला दुखावले नाही, शैवांचा अपमान केला नाही आणि स्वतःच्या सिद्धांताला तिळभरही मुरड घातली नाही. कोणी म्हणेल, ही दरबारी चतुराई झाली. मला तसे वाटत नाही, आणि त्याला कारण आहे. याच हेमचंद्राचार्यांनी याच कुमारपालासाठी वीतरागस्तोत्र रचले. त्याचे वीस प्रकाश राजा योगशास्त्राच्या बारा प्रकाशांसह रोज म्हणत असे, असे परंपरा सांगते. त्या स्तोत्राच्या सातव्या प्रकाशात जगत्कर्त्या ईश्वराच्या कल्पनेचे परखड खंडन आहे. ज्याला देह नाही तो जग कसे घडवील, आणि घडवले तर दुःख का घडवले, अशी ती विचारपद्धती आहे. सोमनाथाला वाकणारा आणि कर्तावादाचे खंडन करणारा आचार्य एकच. ज्या राजाला त्यांनी नमस्कार करून दाखवला त्याच राजाच्या रोजच्या पाठात त्यांनी हे खंडन ठेवले. तेव्हा लपवाछपवी कोठेच नव्हती.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर लेख एकतर्फी होईल. नावे गोळा करण्याची ही रीत केवळ जैनांची नाही. हनुमन्नाटकाच्या मंगलाचरणाचा म्हणून एक अतिशय प्रसिद्ध श्लोक आहे. शैव ज्याला शिव म्हणतात, वेदान्ती ब्रह्म म्हणतात, बौद्ध बुद्ध म्हणतात, नैयायिक कर्ता म्हणतात, जैन अर्हत् म्हणतात आणि मीमांसक कर्म म्हणतात, तो त्रैलोक्यनाथ हरी आपणांस इष्ट फल देवो, असा त्याचा आशय. अनेक सर्वधर्म सभांत तो म्हटला जातो आणि आपणही कौतुकाने मान डोलावतो. पण हिशेब नीट मांडला तर काय दिसते? मानतुंगांच्या श्लोकात विष्णू ऋषभदेवांच्या खात्यात जमा झाले. येथे अर्हत् हरीच्या खात्यात जमा झाले. प्रत्येकाची वही वेगळी आणि प्रत्येक वहीत एकूण बेरीज आपल्याच नावाखाली. यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. श्रद्धा असणारा माणूस आपल्याच उंबरठ्यावर उभा राहून दुसऱ्याला घरात बोलावतो. उंबरठा सोडून रस्त्यावर उभा राहिला तर बोलावणार कोठे? फक्त, सर्वांना एक म्हणणाऱ्या वचनातही वक्त्याचे घर कोणते आहे ते ओळखता आले पाहिजे.

महाराष्ट्राच्या संतांचेही असेच. संत नामदेवांची ६१ पदे शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात आहेत. त्यांपैकी एका पदाचा भाव असा की हिंदू देवळात पूजतो, मुसलमान मशिदीत. नामा ज्याची सेवा करतो त्याला देऊळही नाही आणि मशीदही नाही. पण हा निराकार सांगणारा नामदेव त्याला हाक मारतो ती विठ्ठल म्हणूनच. पंजाबच्या पदांतही पंढरीचे ते नाव टिकून आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद जन्माने मुसलमान; त्यांनी सतराव्या शतकात मराठीत ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ लिहिला आणि वारकऱ्यांनी त्यांना संत म्हणून आपले मानले. कबीराचा राम दशरथाचा पुत्र नव्हे, हे तो स्वतःच पुन्हापुन्हा सांगतो. राम-रहीम, केशव-करीम ही जोडनावे त्याच्या वाणीने घरोघरी नेली. (त्याने आपल्यालाही सोडलेले नाही. जीवदयेच्या गोष्टी करणारे जैन देवाला वाहण्यासाठी फुले तोडतात, असा टोला त्याने बीजकात हाणला आहे. आपल्याच पंथापंथांत पुढे यावर किती वाद झाले ते वाचकांना ठाऊक आहे.)

कबीर विणकर, नामदेव शिंपी, आणि ज्यांच्याविषयी आता थोडे विस्ताराने लिहायचे ते बनारसीदास तर आपल्यातलेच, श्रीमाळ जैन व्यापारी. जन्म १५८६, जौनपूर. १६४१ मध्ये त्यांनी ‘अर्धकथानक’ लिहिले. मनुष्याचे आयुष्य एकशे दहा वर्षांचे मानून पंचावन्नाव्या वर्षी अर्धी कथा सांगितली, म्हणून हे नाव. ६७५ पद्यांचे हे आत्मचरित्र मुंबईत पं. नाथूराम प्रेमी यांनी १९४३ मध्ये छापून प्रसिद्ध केले. आपल्या घरांतील तरुण मुलांनी एकदा तरी ते वाचावे. धंद्यातील नुकसान इतक्या निर्मळपणे क्वचितच कोणी लिहिले असेल.

तरुणपणी बनारसीदासांना एका संन्याशाने फसवले. वर्षभर मंत्र जपलास तर रोज दारात एक सोन्याचे नाणे सापडेल, असे सांगितले. बनारसीदासांनी वर्ष मोजले. नाणे काही आले नाही. मग एका जोग्याने एक शंख दिला आणि हाच सदाशिव आहे, याची पूजा कर म्हणून सांगितले. ते गुपचूप त्याची पूजा करू लागले. पूजा झाल्याशिवाय जेवत नसत. १६०५ मध्ये अकबर बादशहाच्या मृत्यूची बातमी जौनपुरात आली. पायरीवर बसलेले बनारसीदास ती ऐकून मूर्च्छा येऊन पडले आणि त्यांचे डोके फुटले. शहरात दुकाने बंद झाली, लोकांनी दागिने पुरले, चांगली वस्त्रे लपवून जाडीभरडी अंगावर घातली. नवा बादशहा गादीवर बसल्याचे पत्र आले तेव्हा कोठे जनजीवन पूर्ववत झाले. त्यानंतर एके दिवशी बनारसीदासांच्या मनात प्रश्न आला की आपण पडलो तेव्हा शिवाने साहाय्य का केले नाही? पूजा त्यांनी सोडून दिली.

या प्रसंगातून शिवभक्तीवर काही निष्कर्ष काढू नये. जी पूजा सुटली ती शिवाची होती असे म्हणण्यापेक्षा सौद्याची होती असे म्हणावे. आपल्या देवळात येऊन नवस बोलणाऱ्याचेही तेच होते. ‘देव म्हणजे संकटात धावणारा कोणी’ ही कल्पना त्या जखमेबरोबर बनारसीदासांच्या मनातून निघाली, आणि तिच्या जागी काय ठेवायचे हे कळायला त्यांना पुढची तीस वर्षे लागली.

मधल्या काळात आग्र्यात ते कफल्लक झाले. रात्री घरी ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ वाचून दाखवीत. दहावीस माणसे ऐकायला जमत. त्यांत एक कचोरीवाला होता. सहासात महिने बनारसीदासांनी त्याच्याच उधारीवर पोट भरले. गंमत अशी की ही दोन्ही पुस्तके सूफी कवींची. कुतबनची मृगावती १५०३ ची, मंझनची मधुमालती १५४५ ची. निराकार निर्मात्याच्या स्तुतीने त्यांचा आरंभ होतो आणि राजकन्येवरील प्रेमाच्या मिषाने परमेश्वराची ओढ वर्णिली जाते. एक जैन व्यापारी मुसलमान सूफींच्या कथा वाचतो आहे आणि बाजारातली माणसे ऐकत आहेत, हा सतराव्या शतकातील आग्र्याचा देखावा. धर्मांची ओळख परिषदांत होते त्याहून अधिक अशी होते.

१६२३ मध्ये अरथमल ढोर नावाच्या अध्यात्मप्रेमी गृहस्थांनी त्यांच्या हाती आचार्य कुंदकुंदांच्या समयसारावरची राजमल्लांची टीका दिली. ती वाचून बनारसीदास गोंधळून गेले. क्रिया सुटल्या आणि आत्मानुभव आला नाही. मित्रांसह बंद खोलीत वस्त्रे टाकून आपण मुनी झालो असे म्हणत नाचल्याचेही त्यांनी कबूल केले आहे. पुढे पांडे रूपचंद आग्र्यात आले, त्यांच्याकडून गोम्मटसार ऐकले आणि मन स्थिरावले. १६३६ मध्ये त्यांनी समयसार नाटक पूर्ण केले. या वाटचालीत त्यांची नऊ अपत्ये एकामागून एक गेली. दोन मुली आणि सात मुलगे. हे दुःख त्यांनी एका दोह्यात पानगळ झालेल्या झाडाच्या उपमेने सांगितले आहे आणि पुढे ते लगेच दुसऱ्या विषयाकडे वळतात.

त्यांच्या स्फुट रचना मृत्यूनंतर ‘बनारसी विलास’ या नावाने एकत्र केल्या गेल्या. त्यांत ते हिंदू आणि तुर्क यांचे स्वरूप एकच असल्याचे सांगतात. मनाने दुविधा मानली म्हणून एकाचे दोन झाले, असे त्यांचे म्हणणे. हा कबीराचा प्रतिध्वनी म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण समयसाराच्या अभ्यासकाच्या तोंडी ‘एकच स्वरूप’ या शब्दांना नेमका अर्थ आहे. कबीर सांगतो की दोघांचा निर्माता एक. बनारसीदास निर्मात्याचे नावच काढीत नाहीत. दोघांमधील जीवतत्त्व एका जातीचे, चेतनालक्षण. हिंदूपण आणि तुर्कपण हे पर्याय, वर चढलेले. शब्द तेच, आधार निराळा. आणि आधार निराळा असूनही शेजाऱ्याशी कसे वागायचे याविषयीचा निष्कर्ष एकच निघतो, ही मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत विचार करण्यासारखी गोष्ट वाटते.

बनारसीदासांनंतरच्या पिढीत मारवाडात, मेडत्याच्या परिसरात, आनंदघनजी झाले. मुनीपणाचे नाव लाभानंद. त्यांचे चरित्र दंतकथांनीच भरले आहे, पण एक साक्ष भक्कम आहे. काशीत न्यायशास्त्र शिकून आलेले उपाध्याय यशोविजयजी यांनी त्यांच्यावर आठ पदांची अष्टपदी रचली. यशोविजयजी कठोर तार्किक. बनारसीदासांच्या अनुयायांच्या मताचे त्यांनी ग्रंथ लिहून खंडन केले. तो माणूस आनंदघनांच्या भेटीने हरखून जातो, यावरून या अवलियाची योग्यता कळते.

राम, रहमान, कान्ह, महादेव, पारसनाथ, ब्रह्मा अशी नावे एका ओळीत गुंफणारे त्यांचे पद सर्वांना ठाऊक आहे. त्यांची पदे गांधीजींच्या आश्रम भजनावलीतही आहेत. नावाने काहीही म्हणा, मातीची भांडी अनेक पण माती एक, तशा अखंड स्वरूपावर खंडांच्या कल्पना लादलेल्या, असे पदाचे पूर्वार्ध सांगते. सभांतून गायले जाते ते बहुधा एवढेच. खरी मौज उत्तरार्धात आहे. तेथे आनंदघन एकेका नावाची फोड करतात. निजपदात रमतो तो राम. रहम करतो तो रहमान. कर्मांना कर्षून, ओढून बाहेर काढतो तो कान्ह. निर्वाण पावतो तो महादेव. आपल्या स्वरूपाला स्पर्श करतो तो पारस. ब्रह्माला ओळखतो तो ब्रह्मा. मानतुंगांनी पंचविसाव्या श्लोकात जी रीत वापरली, तीच ही, सुमारे हजार वर्षांनंतर, लोकभाषेत, आणि आता यादीत अरबी नावही आले आहे.

या फोडीत प्रत्येक नाव एक क्रिया झाले आहे: रमणे, दया करणे, कर्म काढणे, स्पर्शणे, ओळखणे. या सर्व क्रिया जीवाने करावयाच्या आहेत. कोणी जग घडवीत नाही, कोणी फळ देत नाही. मुसलमान श्रोता ‘रहमान’ ऐकून सुखावतो आणि जैन श्रोत्याला त्यात अभयदान दिसते. आणि पारसनाथही यादीत आहेत, हे विशेष. इतरांची नावे फोडायची आणि आपले नाव मात्र जसेच्या तसे ठेवायचे, असे आनंदघनांनी केले नाही. तेविसाव्या तीर्थंकरांच्या नावालाही तीच कसोटी. जो स्वरूपाला स्पर्श करीत नाही त्याने पारसनाथाचे नाव नुसते उच्चारून काय मिळवले, हा प्रश्न आपल्यासाठी आहे.

शास्त्राच्या भाषेत म्हणायचे तर हा संग्रहनयाचा विचार. व्यवहारनयाने भेद राहतातच, आणि आनंदघन ते पुसत नाहीत. त्यांच्या चोविशीतील नमिनाथ स्तवन पाहावे. तेथे सहा दर्शने ही जिनदेवांची अंगे म्हणून वर्णिली आहेत. सांख्य आणि योग हे दोन पाय, बौद्ध आणि मीमांसक हे दोन हात, लोकायतिक म्हणजे नास्तिक चार्वाक हे उदर, आणि जैन दर्शन हे मस्तक. मस्तक आपले, हे त्यांनी निःसंकोच सांगितले. परंतु चार्वाकालाही त्यांनी शरीराबाहेर टाकले नाही. समुद्रात साऱ्या नद्या असतात, नदीत मात्र समुद्र पूर्णपणे नसतो, असा दाखलाही त्याच स्तवनात आहे. येथे समता आहे का? सरळ उत्तर द्यायचे तर, नाही; उच्चनीच क्रम आहे. मात्र द्वेष नाही, आणि कोणाचेही अंग कापून टाकण्याची भाषा नाही. लहान मुलाच्या प्रश्नाला द्यायचे उत्तर मला तरी येथेच सापडते.

परधर्मीयांविषयी इतके मृदू असलेले आनंदघन स्वकीयांविषयी मात्र अतिशय कठोर आहेत. चौदाव्या, अनंतनाथ स्तवनात ते म्हणतात की गच्छांचे भेद डोळ्यांदेखत मांडून ठेवायचे, पोट भरण्याची कामे करायची आणि वर तत्त्वाच्या गोष्टी सांगायच्या, याची लाज वाटत नाही. मुंबईचे सॉलिसिटर मोतीचंद गिरधरलाल कापडिया यांनी आनंदघनांच्या पदांवर आणि स्तवनांवर आयुष्यभर विस्ताराने लिहिले. वकिलीच्या धंद्यात रोज भांडणे पाहणाऱ्या त्या गृहस्थांना हा कवी का भावला असेल, याचा तर्क करता येतो.

राम आणि रहमान एक म्हणणे आज आपल्याला तुलनेने सोपे जाते. त्यासाठी काही सोडावे लागत नाही. वाशीम जिल्ह्यातील शिरपूर येथे अंतरिक्ष पार्श्वनाथांचे प्राचीन तीर्थ आहे. मूर्ती भूमीला टेकलेली नाही अशी श्रद्धा, म्हणून अंतरिक्ष हे नाव. पूजेचा अधिकार आणि पद्धती यांवरून श्वेतांबर आणि दिगंबर यांच्यात तेथे जो वाद चालला, तो ब्रिटिश काळात प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. पुढे त्या वादापायी मंदिराला कुलूप लागले आणि ते कित्येक दशके तसेच राहिले. दर्शनाला आलेले यात्रेकरू बाहेरूनच झरोक्यातून हात जोडून परतत. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर दार उघडले. आत ज्यांची मूर्ती आहे, त्यांचेच नाव आनंदघनांनी आपल्या पदात राम आणि रहमान यांच्या शेजारी लिहिले होते.